पाचवी ब सहकारी गृहनिर्माण संस्था (नियोजित)

९ मे, शुक्रवार
बिल्डिंग गेली. म्हणजे उभी आहे, पण अतिधोकादायक ठरवून आम्हाला बाहेर काढलं. जिन्यातल्या तड्यावर सेक्रेटरी या नात्याने मी कॅलेंडर टांगलं होतं. कॅलेंडर शाबूत आहे.
मुक्काम विरारच्या एका सरकारी शाळेत, पाचवी ब. वर्गात दोन बिऱ्हाडं, मधे साडीचा पडदा. पलीकडे आमचाच शेजारी गॉडफ्रे, त्याची बायको, पोरं आणि म्हातारी आई. पालिकेचे साहेब म्हणाले, शाळा उघडायच्या आत संक्रमण शिबिरात खोल्या देतो. प्रश्न मिटला! यमुना बाकावर बसून रडली. मी म्हटलं, अगं, व्हेंटिलेशन बघ.

११ मे
यमुनाची मैत्रीण कॅथरिन भुईगावची. वाडीतली खोली रिकामी आहे, या म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. जागेवरून हललं की हक्क गेला. यमुना म्हणते, सरकारला तुमचं तोंडसुद्धा ठाऊक नाही. होईल, होईल.

१४ मे
संघटनेशिवाय काही मिळत नाही. व्हरांड्यात जनरल बॉडी बोलावली. कोरम नव्हता. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून कोरमशिवाय भरवली. संस्था स्थापन, मी सेक्रेटरी, बिनविरोध. बाकी सगळे झोपले होते.

२० मे
कामाचा धडाका. फळ्यावर पाण्याचं टायमिंग. प्रत्येक वर्गाच्या दाराला पुठ्ठ्याच्या नेमप्लेट. ज्ञानदाने अक्षर छान काढलं, पोर माझ्यावर गेलीय. घसरगुंडीखाली व्हिजिटर पार्किंग. शेजारच्या वर्गातल्या भूपेशने तिथे बाइक लावली, त्याला समज दिली. तो म्हणाला, काका, आपण बेघर आहोत. शिस्त नाही लोकांना!

२ जून
उद्या साहेब पाहणीला येणार. यमुना म्हणते, आहे तसं दिसू दे, पसारा, डास, सगळं. वेडी आहे. फर्स्ट इम्प्रेशन म्हणून काही असतं की नाही? चटया कपाटात कोंबल्या. रांगोळी, तोरण, गेटवर संस्थेचा बोर्ड.

३ जून
साहेब खूश! कपबशीतून चहा दिला. म्हणाले, छान बस्तान बसवलंत. बोर्डासकट फोटो काढले. गॉडफ्रे मधेच आईला इथे झोप लागत नाही वगैरे सांगायला लागला, त्याला डोळ्यांनीच दाबलं. यमुना दिवसभर बोलली नाही. भारावली असावी.

११ जून
खोल्या वाटल्या. पलीकडच्या शाळेतल्या लोकांना. धावत ऑफिसात गेलो. साहेबांनी फोटो पुढे केला. तुमचं तर पुनर्वसन झालंय की, सोसायटीसुद्धा आहे! मी म्हटलं, नियोजित आहे. ते म्हणाले, अभिनंदन. यादीत नाव परत घालायचं तर संस्था अस्तित्वात नाही असा संस्थेचाच ठराव आणा, मग पुढच्या वेळी बघू.
सभा घेतली. पहिल्यांदाच पूर्ण कोरम. ठराव एक, संस्था बरखास्त. ठराव दोन, सेक्रेटरी दिनानाथने यापुढे तोंड उघडू नये. मांडणार गॉडफ्रे. अनुमोदन यमुना.

१५ जून
उद्या शाळा. वर्ग रिकामा केला. गॉडफ्रे सासुरवाडीला चालला, ओटीवर राहणार आहेत म्हणे. त्याच्या आईला टेम्पोत चढायला हात दिला. गॉडफ्रेने पाहिलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१६ जून, भुईगाव
कॅथरिनने काही न विचारता खोली दिली. अट एकच, दारावर पाटी लावायची नाही. मी काही म्हणायच्या आत यमुनाने हो म्हणून टाकलं.
विहिरीच्या पंपाला कसलंच टायमिंग नाही, पाणी नुसतं वाहून जातं. ठराव दोन आठवला. गप्प बसलो.