दुसरं बोलावणं

मुक्काम पुणे, तोफखान्यामागची चाळवजा घरं. येशू पुन्हा उठला त्या पास्काच्या सणाला एकवीस दिवस बाकी.

तीर्थरूप पेद्रूदादांच्या पायांना धाकट्या बस्त्यावचा नमस्कार. (पायांनाच. तोंडाकडे बघायची माझी अजून तयारी नाही.) वसईस आपण, वहिनी आणि म्हशी खुशाल असाल. नसल्यास कळवू नये, मला काळजी करायला सवड नाही. अकरा वर्षं आपल्यात अक्षराचा व्यवहार नव्हता, मग आजच कुठून उगवला, असं आपण म्हणाल. राग आला म्हणून लिहितो. तुमचा तर आहेच, पण हा नवा राग आमच्या पाद्रीबाबांचा.

इथे श्रीमंत पेशव्यांच्या तोफा डागणारे आम्ही गोव्या-वसईचे पंचवीसेक ख्रिस्ती. सरकारातून जागा मिळाली, तीवर मातीचं देऊळ बांधलं. त्यात बाबा दर रविवारी सांगतात की, येशूवर भार टाकला की असा आनंद मिळतो, जो घर जळालं तरी जळत नाही. मला तो पाहिजे होता. पण मिळाला कोणाला? सोजरबाईला! घोड्यांचे हरभरे भरडणारी बाई, नवरा लढाईत गेला, बाप्तिस्मा गेल्या सालचा, आणि जात्यावर बसली की गात असते. मी जन्माचा ख्रिस्ती, आणि रोज सकाळी उठतो तो दातओठ खात. हा कुठला न्याय? मी उपास केले, देऊळ झाडलं, पडकी भिंत लिंपली. आनंद आला नाही, कंबर तेवढी धरली. बाबांना खूश करावं म्हणून लठ्ठ कोंबडं नेलं. (उपासाच्या चाळीस दिवसांत नेलं ही माझी चूक, पण परत देताना त्यांनी हसायचं कारण नव्हतं.)

शेवटी पापांची कबुली द्यायला गुडघे टेकले, तेव्हा जाब विचारला. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर रांगेत उभे होते ते आपापली पापं विसरून माझं ऐकत बसले. बाबांनी शांतपणे विचारलं, मनात भांडण कोणाशी आहे. मी सांगून टाकलं, थोरल्या भावाशी, आई आजारी असल्याचा सांगावा त्याने उशिरा धाडला, मला तिच्या मातीला जाता आलं नाही. तर म्हणाले, "आधी भावाशी समेट कर. मग वेदीपाशी ये." म्हणजे सणाला सगळे प्रसाद घेणार आणि मी दाराशी जोडे राखणार! हे बाबा चार बहिणींत एकुलते, भाऊ काय चीज असते हे त्यांना काय कळणार?

म्हणून अनंतपंतांकडून हे पत्र लिहवून घेतो. (मी ओरडून सांगतो आहे. पंत म्हणतात, शाईला ऐकू येत नाही.) तर समेट असा की, उशीर केल्याबद्दल मी तुम्हाला क्षमा केली. तशी पोच लिहून धाडावी, बाबांना दाखवीन. लोभ नसला तरी चालेल, पोच असावी.

ता. क. पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, सांगावा खरंच उशिरा आला होता का, आणि निघून गेले. पंतांना मी घरी पाठवलं. ही वेडीवाकडी अक्षरं माझी.

दादा, सांगावा वेळेत आला होता. आय त्यानंतर नऊ दिवस होती. तुझा माणूस माझ्या ओसरीवर भाकरी खाऊन गेला. पण घर शाकारलंस तेव्हा मला जेवायला बोलावलं नव्हतंस, तो सल होता. म्हटलं, थोरल्याने मानाने दुसरं बोलावणं धाडावं, मग निघू. रुसलेल्या जावयासारखा बसून राहिलो. दुसरा सांगावा आला तो आय गेल्याचा. मग जगाला सांगत सुटलो, दादाने उशीर केला. तू कधी खोडून काढलं नाहीस, त्याचाच मला सगळ्यांत राग येतो. चूक माझी. मला क्षमा कर.

एवढं लिहिलं आणि छाती अशी हलकी झाली की सोजरबाईच्या सुरात सूर मिसळून मी गायलो. तिने दळण थांबवलं. बाबांचं खरं निघालं याचा भारी संताप येतो आहे.

आणखी ता. क. पास्काच्या सणाला वहिनींना घेऊन पुण्याला ये. हे पहिलं बोलावणं. तू माझाच भाऊ, अडून बसशील, म्हणून दुसरंही इथेच लिहितो.

ये.