दुखणं मराठीत सांगायचं होतं

लियोरा बाळ,

पनवेलहून आईचा शालोम.

गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. तुझा जुडाहमामा दोन्ही वेळा डबा आणतो. कालच्या आमटीत मीठ नव्हतं, एवढीच तक्रार.

रक्त पातळ करायची माझी गोळी मात्र अजून बंद आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, लगेच सुरू केली तर जखमेतून रक्त वाहील, फार दिवस थांबलो तर गुठळी होईल. तुमच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे जपूनच. इतका लांबचा विमानप्रवास तर सध्या नाहीच."

म्हणजे तुझ्या मोरानच्या लग्नाला मी नाही. आजीनेच बोटाला मेंदी लावायची म्हणत होती ना? आता तूच लाव. ऐकून रडली का गं ती?

तू सांगत होतीस, ऑपरेशन तुझ्याकडे अश्दोदलाच कर. मीच हट्टाने इथे आले. तिथल्या डॉक्टरांचं हिब्रू मला झेपत नाही, दुखणं मराठीत सांगायचं होतं.

तिथे नको ते कानावर आलं की, कळलं नाही असं म्हणून हसून उठायचे मी. इथे डॉक्टरांचा शब्दन् शब्द कळला. तेवढीही सोय उरली नाही.

तुझी,
आई