निळ्या खोलीतला मी

४ मार्च, सोमवार

ही वही आणून दोन महिने झाले. पहिल्या पानावर नाव टाकलं, खाली रेघ मारली आणि विषय संपला. दादा असता तर आळस म्हणाला असता. आळस नाही. लिहायला माणसाला आधी जागा लागते. मी आजवर एका मित्राच्या सोफ्यावर, मग दुसऱ्या मित्राच्या सोफ्यावर, मग एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर राहिलो. सोफ्यावर कोणी विचार करू शकत नाही. सोफ्यावर माणूस फक्त बाजूला सरकतो.

आता खोली मिळालीय. दुसरा मजला, एक खिडकी, एक कॉट, आणि मुख्य म्हणजे दाराला आतून कडी. घरमालकीणबाई खालीच राहतात. महिनाभर बघते, म्हणाल्या, मग ठरवू ठेवायचं का. बघते! मी काय गॅसवरचं दूध आहे?

६ मार्च, बुधवार

कॉटवर पडून व्हिडिओ बघितला. त्यातली बाई सांगत होती, आपण घर घडवत नाही, घर आपल्याला घडवतं. कोंदट घर, कोंदट डोकं. ताडकन उठून बसलो. माझं आयुष्य हिला कोणी सांगितलं?

आमच्या घरात दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. एक खोली बाबांची, कारण बाबांना शांतता लागते. दुसरी दादाची, कारण दादाला अभ्यास. मी हॉलमध्ये, फोल्डिंगच्या कॉटवर. पहाटे बाबा पेपर घेऊन यायचे आणि माझ्यासकट कॉटची घडी करायची धमकी द्यायचे. अशा घरातला मुलगा बारावीला पुन्हा पुन्हा बसणार नाही तर काय करणार? (आई कुठे झोपायची ते आत्ता आठवत नाहीये. मी झोपताना ती भांडी घासत असायची आणि मी उठताना पुन्हा तिथेच. पण तो मुद्दा नाही.)

ठराव: ही खोली मला शोभेल अशी करायची. मग मी आपोआप खोलीला शोभेन. महिनाअखेर नवा माणूस.

९ मार्च, शनिवार

रंग आणला. गडद निळा. व्हिडिओतली बाई म्हणते, निळ्याने डोकं शांत होतं. म्हणजे जितका गडद तितकं जास्त शांत, हे तर उघडच आहे. दुकानदाराने विचारलं, कशासाठी, गेटला का? मी म्हटलं, मनाला. त्याने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि ऑइलपेंटचा डबा दिला.

१० मार्च, रविवार

दीड भिंत झाली. जोरात चाललं होतं. मध्येच खिडकीची चौकट नजरेत आली, म्हटलं आधी हिलाच घेऊ. खिडकी नीट लावून घेतली, मगच रंगवली, म्हणजे फटीसुद्धा राहायला नकोत. काम करायचं तर असं.

तोच दिवस, संध्याकाळ

खिडकी उघडत नाही.

११ मार्च, सोमवार

वासाने डोकं ठणकतंय. शांत वगैरे काही वाटत नाही. उलट खिडकीचा इतका राग आलाय की तिच्याकडे पाठ करून बसलोय. दुपारी एक ठोसा मारला. काच तडकली. बसवणाऱ्याने मुळातच पातळ बसवली होती. या देशात, या जगात, कोणी कुठलं काम मनापासून करतं का?

१४ मार्च, गुरुवार

मी फर्निचरच्या शोरूममध्ये काम करतो, हे लिहायचं राहूनच गेलं. तिथे ओळीने खोट्या बेडरूम मांडल्यात. पुठ्ठ्याचा टीव्ही, प्लास्टिकची झाडं, आत पानं नसलेली पुस्तकं. तरी त्या खोल्यांमध्ये उभं राहिलं की मी वेगळाच दिसतो. आरशात बघून खात्री केलीय.

आज एक जोडपं डबलबेड बघायला आलं. मी आधी विचारलं, खोली केवढी? नवरा म्हणाला, आहे आपली बेताची. मी म्हटलं, मग हा पलंग आल्यावर वहिनी कुठे बसणार? बाईंचा चेहरा उजळला. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, लग्न झाल्यापासून मी हेच विचारतेय, हा पोरगा पाच मिनिटांत ओळखतो आणि तुम्ही? मग ते दोघं तिथेच, गादीवर बसून, जुनी सगळी प्रकरणं काढत राहिले. पलंग घेतला नाही. वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले.

साहेबांनी बोलावलं. तुला पलंग विकायला ठेवलाय की संसार मोडायला, म्हणाले. उद्यापासून गोडाऊन.

गोडाऊनला एकही खिडकी नाही. घर माणसाला घडवतं तसं गोडाऊनही घडवणार. यापुढे मी जो होईन त्याला साहेब जबाबदार.

१९ मार्च, मंगळवार

आज उरलेली अडीच भिंत उरकणारच होतो. ब्रश कडक झाला होता, म्हणून नवा आणायला निघालो. वाटेत रस्ता खणत होते, तिथे थांबलो. जमिनीखाली केवढे पाइप असतात! अंधार पडेपर्यंत बघत होतो. उद्या.

२२ मार्च, शुक्रवार

घरमालकीणबाई वर आल्या. खाली त्यांच्या जेवणाला रंगाचा वास येतो म्हणे. दारात उभ्या राहून म्हणाल्या, ही काय विहीर केलीस का रे? आणि केलीस तर पुरी तरी खणायची. मग काच दिसली. मी म्हटलं, ती आधीपासूनच नाजूक होती. त्या म्हणाल्या, मीही आधीपासूनच नाजूक आहे, तरी मला कोणी ठोसा मारला नाही. एकतीस तारखेला सकाळी किल्ली माझ्या हातात पाहिजे.

म्हटलं, तुम्ही महिनाभर बघणार होतात. म्हणाल्या, बघितलं की.

कुठे जाऊ? सोफे संपलेत. दोन्ही मित्रांची लग्नं झाली. माळ्यावर आता मालकाचा भाचा राहतो. राहिला तो हॉल. मी परत हॉलमध्ये जाणार नाही. नाही म्हणजे नाही. तिथे गेलो की माझं वय आपोआप चौदा होतं.

२३ मार्च, शनिवार

बोललो. एकदाचं बोललो. घरच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, चांगला लांबलचक. थांबलो नाही, चहा ओतू गेला तरी थांबलो नाही. आधी या खोलीचा पत्ता, मग सगळं सांगितलं. की ज्या माणसाला स्वतःचं दार नाही त्याला स्वतःचं मतही राहत नाही. की आख्ख्या घरात ज्याच्या नावाचा एक कोपरा नाही, तो माणूस हळूहळू घरातलं सामान होतो. की बाबांना शांतता लागते आणि दादाला अभ्यास, पण बाकीच्यांना काही लागतं का, असं या घरात कधी कोणी विचारलं का? शेवटी आवाज भरून आला. तोही ठेवला, कापला नाही.

आता घरात भूकंप.

२४ मार्च, रविवार

दादाने अंगठा पाठवला. एक अंगठा! बाबांनी लिहिलं, आवाज नीट येत नाही, फोन बदल. आईकडून तर काहीच नाही. तिला कुठे कळणार असल्या गोष्टी. ती आणि तिचं स्वयंपाकघर, बाहेर आली तर ऐकेल ना.

या माणसांवर रागावायचीसुद्धा सोय नाही.

२७ मार्च, बुधवार

बाईंसमोर भाषण करायचं ठरवलंय. गयावया करायची नाही. मुद्दे: भाडेकरूही माणूस असतो. अर्धवट भिंत म्हणजे चालू काम. काच बदलून देईन. (विचारून आलो. काचवाला आधी चौकट मोकळी करा म्हणतो. प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवंच आहे.) शेवटचा मुद्दा: ही खोली गेली तर मीही गेलो. इथे थोडं थांबायचं.

३१ मार्च, रविवार, सकाळ

भाषण पाठ. दाढी केली. कॉटवरची चादर ताणून घेतली. शोरूमपेक्षा चांगली दिसतेय. बाई नाही म्हणूच शकणार नाहीत.

३१ मार्च, दुपार, जिन्यात

बाई आल्या. मी 'चालू काम' इथपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात दार वाजलं. दारात आई. एका हातात बॅग, बगलेत उशी. एकटी. प्रवास करून, एकटी!

म्हणाली, तुझा मेसेज ऐकला. ओट्याशी उभी राहून पुन्हा पुन्हा ऐकला. एकेक शब्द खरा आहे रे. माझ्या मनातलं तुला कसं कळलं?

मला वाटलं मला न्यायला आली. मी ताठ आवाजात म्हटलं, आई, मी येणार नाही. ती म्हणाली, तुला कोण बोलावतंय? मी राहायला आलेय.

मग तिने खोली फिरून बघितली. निळा बघितला, काच बघितली. कॉटवर बसली. मग पाय वर घेतले आणि सरळ आडवी झाली. भरदिवसा. मी आईला आडवं झालेलं कधी बघितलंच नव्हतं. किती लहान दिसते.

बाईंनी तिला विचारलं, घरी खोली नाही का तुम्हाला? आई म्हणाली, घर मोठं आहे हो, सगळ्यांना खोल्या आहेत. बाईंनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि आईच्या उशाशी ठेवली. म्हणाल्या, तुम्ही राहणार असाल तर माझी हरकत नाही. निळाही चालेल. आणि खाली निघून गेल्या. माझं भाषण अर्ध्यावर.

मी विचारलं, आणि मी? आई म्हणाली, तू घरी जा, ते दोघं जेवायचे आहेत, तांदूळ वरच्या डब्यात. म्हटलं, निदान दुपारपुरतं इथे थांबू दे. ती म्हणाली, थांब की, पण बाहेर. मला झोपायचंय.

कडी लागली. आतून.

आत्ताच बाबांचा फोन आला. एका दमात दोन प्रश्न: मीठ कुठे असतं, आणि आई तुझ्याकडे आलीय का?

मीठ कुठे असतं ते मला माहीत नाही. आली आहे, म्हटलं.