तुमच्या कमरेवर ठेवलेला पाय

दादा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुमच्याशी बोलायला बसलेय ते तुमच्या धाकट्या लेकाच्या कमरेमुळं. तो आता पंचेचाळिशीचा आहे, इथंच कळंबमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. दोन महिने झाले, कमरेतून निघालेली कळ त्याच्या डाव्या पायात उतरते. त्याच्या परीनं त्यानं सगळं करून पाहिलं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, कमरेचा पट्टा, कुणीतरी सांगितलेलं तेल, पंधरा दिवस नुसतं पडून राहणं. मागच्या आठवड्यात मीच त्याला ओढून सोलापूरला मणक्याच्या डॉक्टरांकडं नेलं, कारण चालताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल गळून मागं राहायला लागली होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका हातात घेऊन त्यांनी समजावलं की दोन मणक्यांमधली गादी सरकलीय आणि नस दाबली जातेय. म्हणाले, "नुसती कंबर दुखते म्हणून मी कुणाला कापत नाही. थोडे दिवस गोळ्या, हिंडतं-फिरतं राहायचं, मग व्यायाम. पायातली कळ नाहीच थांबली तर नसेजवळ इंजेक्शन. बहुतेकांचं दुखणं महिना-दीड महिन्यात आपलं आपण उतरतं, मधे कुणी काहीही केलेलं असो." मग त्यांनी धाकट्याला डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. तो उचललाच जाईना. "दुखण्याला थांबता येतं, ह्याला नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करून घ्या. ताकद पूर्ण येईल असं वचन देत नाही, पण थांबाल तशी आशा कमी होईल. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर असाल तसे त्याच दिवशी निघून या." हे शेवटचं वाक्य मी खुर्चीचा हात घट्ट धरून ऐकलं. धाकटा एवढंच बोलला, "आमच्या वडलांचं केलं हुतं ऑपरेशन. तवापासनं ते जे बसले, ते उठलेच न्हाईत." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आक्का, मेलो तरी कापून घेणार न्हाय म्या."

मधे कुणी काहीही केलेलं असो. हे शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण ते 'काहीही' म्हणजे मी होते. आईच्या पोटातून पायाकडून आलेली, पायाळू. माझा पाय लागला की कमरेत भरलेली उसण निघते, हे मला चालता यायच्या आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्याबरोबर आडतीवर पोती वाहणारे हमाल सकाळी सकाळी अनशापोटी दारात येतात, ओसरीवर पालथे झोपतात, मी पाय धुऊन येते आणि त्यांच्या कमरेला तीनदा पाय लावते. तुमच्याएवढी दांडगी माणसं उठून मला हात जोडतात. चार-आठ दिवसांनी पुन्हा पाठीवर पोतं घेतात आणि माझं नाव निघतं. तुम्ही तुळजापूरहून माझ्यासाठी चांदीचे पैंजण आणले आणि आईला म्हणालात, "असल्या पायाला शोभतेत." आईनं नाक मुरडलं, पोरीला शेफारून ठेवाल म्हणाली. शेफारलेच होते मी.

मग ते साल, मी बारावीत होते. ट्रकला लावलेल्या फळीवर तुमचा पाय सटकला आणि तुरीचं पोतं घेऊन तुम्ही खाली आलात. तुम्हाला पाय लावताना मला कसंतरीच व्हायचं, बापाला कुणी पाय लावतं का. म्हणून आधी तुमच्या पाया पडायची, मग पाय लावायची, मग पुन्हा पाया पडायची. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी कमरेला दोनदा लावून झाला आणि तिसऱ्यांदा मी पाय जरा खाली, बसायच्या जागेवर ठेवला. तुम्ही उशीत तोंड घालून पडला होता. जरा थांबून म्हणालात, "ठेव की गं माय पाय."

"ठेवलाय, दादा."

मी आणखी जोर दिला, जवळजवळ उभीच राहिले. मग तुम्ही म्हणालात, "व्हय, व्हय. कळालं." तुम्हाला काही कळलं नव्हतं. ते तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. मी तुमच्या पाया पडले आणि कॉलेजला गेले.

दादा, मला तेव्हा तुमची भीती वाटली नाही, माझी वाटली. माझ्या पायातला गुण गेला आणि हे बाजारभर होणार, एवढंच डोक्यात होतं. आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही पाय लावला, तुम्हीही लावू दिलात. त्या रात्री तुमची लघवी अडली आणि पहाटे शेजाऱ्यांच्या जीपमधून तुम्हाला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून बधिर आहे? तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "आज सकाळपासनं." मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. परवापासनं आहे, हे मीही सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं, पण पुढं तुम्ही पोतं उचललं नाही. आडतीच्या दारात बसून फाटका बारदाना दाभणानं शिवत राहिलात, लघवीची नळी धोतरात लपवून. ऑपरेशननं माणूस कामातून गेला, असं सगळी गल्ली म्हणाली, आई मरेपर्यंत तेच म्हणाली, आणि आपण दोघांनी ते म्हणू दिलं. एकदा एक बाई उसण घेऊन आली तेव्हा मी तिला नाही म्हणाले, तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर डाफरलात. "माणूस दारात आलंय. लाव पाय." माझ्यासाठीच ओरडलात ना तुम्ही? मला त्या मायेचा अजून राग येतो. तुम्ही मला झाकलं नसतं, तर आज धाकट्याला ऑपरेशनची भीती वाटली नसती.

काल मी त्याला सगळं सांगायला गेले होते. सवयीनं दारातल्या बादलीतून पाय धुतले आणि तिथंच चुकलं. तो कॉटवर पालथा झाला आणि म्हणाला, "आक्का, एकदा लाव की पाय. मग बघू डॉक्टरचं." मी लावला, तीनदा. प्रत्येक वेळी विचारलं, कळतंय का? कळतंय म्हणाला. उठून बसला आणि म्हणाला, "हलकं वाटलं बघ." दादा, ते ऐकून मला आनंद झाला. ह्या वयात, एवढं सगळं माहीत असून. चहा घेऊन निघाले तर तो सोडायला बाहेर आला आणि उंबऱ्यातच त्याची चप्पल गळून पडली. मी वाकून ती त्याच्या पायाशी सरकवली आणि काही न बोलता घरी आले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुम्हाला जे ठाऊक होतं तेच तुम्हाला लिहिलं, कारण ज्याला ठाऊक नाही त्याच्यासमोर तोंड उघडत नव्हतं. आता नऊ वाजलेत, तो उठला असेल. आज त्याच्या दारात पाय धुणार नाही, चपला घालून उंबऱ्याबाहेर उभी राहीन आणि तिथूनच सांगेन. सांगायचं तर कालही ठरवलंच होतं.