विमान कोणाच्या हातात होतं

४ फेब्रु.
सहावीच्या वर्गावर होते. नितीनच्या ऑफिसातून फोन. "मॅडम, हार्ड लँडिंग झालंय. सर शुद्धीवर आहेत." पुढचं नीट ऐकू आलं नाही.
इतकी वर्षं पायलटची बायको आहे. हार्ड लँडिंग म्हणजे दणका बसतो, कंबर अवघडते, घरी येऊन माणूस त्यावर हसतो, एवढंच माहीत होतं. हे तसलं नाही. मालकांच्या कारखान्याजवळच्या छोट्या धावपट्टीवर विमान आपटलं, उसळलं, परत नाकावर आलं. पुढचं चाक मोडलं. आत दोघंच. नितीन आणि विमानाचे मालक हर्षदभाई.
अँब्युलन्सने अंधेरीच्या हॉस्पिटलात आणतायत. सासूबाईंना फक्त "पाय मुरगळलाय" म्हणून घाटकोपरहून निघाले. त्यांना पटलं नाही, दिसत होतं.

५ फेब्रु.
नितीनचा कमरेतला मणका दबलाय. पाय हलतायत. ऑपरेशन बहुतेक नाही. हर्षदभाईंच्या डोक्याला मार, व्हेंटिलेटरवर. दोघं एकाच मजल्यावर.
बाहेरच्या बाकावर त्यांची बायको, भावनाबेन. स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. मी प्यायले.

७ फेब्रु.
विचारलं, नक्की काय झालं रे?
"आडवा वारा होता. धावपट्टी दिसली. मग एकदम इथलं छत."
मधलं काहीच आठवत नाही त्याला.
हर्षदभाईंकडेही लायसन्स आहे, हौसेचं. कंट्रोल दोन्ही सीटना असतात. मूड असला की म्हणायचे, नितीन, आज मी उतरवतो. नितीन द्यायचा, स्वतःचे हात जवळ ठेवून. घरी येऊन सांगायचा, "आज शेठने झकास उतरवलं."
हे मला माहीत आहे. भावनाबेनना माहीत असेल का?

१० फेब्रु.
माहीत आहे. आज बाकावर हळूच म्हणाल्या, "वैशालीबेन, प्लेन कोणाच्या हातात होतं?"
"त्याला आठवत नाही."
"आठवत नाही, का सांगत नाही?"
आवाजात राग नव्हता. राग असता तर मीही चिडले असते. मग त्यांनी शेजारची पिशवी उचलून मला जागा करून दिली.
हर्षदभाईंचा भाऊ मात्र आता माझ्याकडे बघतही नाही.

१४ फेब्रु.
घरी आणलं. कमरेला पट्टा, उठणं बंद. सासूबाईंनी पेज भरवली. "झिला, वायच खा मरे." त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं.
दुपारी चौकशीवाले दोघे. अगदी सभ्य. "कंट्रोल तुमच्याकडे होता?" आठवत नाही. "त्यांच्याकडे?" आठवत नाही. एवढ्या लहान विमानात रेकॉर्डर नव्हता.
ते गेल्यावर मी म्हटलं, "शेठकडे होता म्हणालास तर लायसन्स वाचेल ना?"
"तो माणूस बोलू शकत नाहीये, वैशू."
"आणि तुझ्याकडे होता म्हणालास तर?"
"तर संपलं. पण मला माहीतच नाही गं. खरंच."
मी विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत.

१९ फेब्रु.
नितीन डोळे मिटून पडल्या पडल्या हात पुढे धरतो. बोटं आवळतो, सोडतो. सासूबाईंना वाटतं दुखतंय. मला कळतं, तो हातांना विचारतोय.
मी जवळ बसले की हात खाली.

२४ फेब्रु.
शाळेत रुजू. वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर परत विमान चालवणार?" पुस्तक उघडायला सांगितलं.
येताना हॉस्पि.ला. हर्षदभाई तसेच. नळी काढलीय, श्वास स्वतःचा, पण ओळख नाही. काचेतून बघताना मनात एक विचार येऊन गेला. तो इथेही लिहिणार नाही.

२ मार्च
सकाळी भावनाबेनचा फोन. हर्षदभाई बोलले. काल संध्याकाळी, नीट, घरच्यांची नावं घेऊन. मी फोन स्पीकरवर टाकला. नितीन पट्ट्यासकट उठून बसला, मी नको नको म्हणत असताना.
"तुमचंच विचारत होते, नितीनभाई. कसा आहे म्हणून."
"मी बरा आहे. आणखी काय म्हणाले?"
त्या म्हणाल्या, "सारखं एकच विचारतात. नितीनने मला उतरवू दिलं होतं का? त्यांना पण काही आठवत नाही. मी काय सांगू त्यांना?"
नितीन माझ्याकडे बघत राहिला. सुटल्यासारखं वाटलं त्याला, की घाबरला, चेहऱ्यावरून कळेना. मला स्वतःचंही कळेना.
"मी येतो भेटायला," एवढंच म्हणाला.
डॉक्टरांना विचारलं, तिथे अर्धा तास बसलेलं चालेल म्हणाले. शर्ट घातला, पट्टा आवळून दिला. आवळताना विचारलं, "काय सांगणार आहेस?"
"आधी बघू तर दे त्यांना."
टॅक्सी खाली उभी आहे. सासूबाई आतून विचारतायत, जेवायला परत येणार ना. त्याला बूट घालता येईना म्हणून खुर्चीत बसलाय, माझी वाट बघत. वही मिटते.