पाइपवरचं कुंकू

दसरा, संध्याकाळ

बाबांची लाल टू-सीटर कार आज चालली! ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

इंजिनातून तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरकडे जाणारे दोन्ही पाइप मीच बसवले होते, गरम सायलेन्सरपासून लांब. इतकी खूश होते की पुन्हा तपासलंच नाही. सकाळी आई पूजेला आली. मडगार्ड इतकं खाली की चाकाला कुंकू लावायला तिचं बोट पोचेना. "चाक जरा बाहेर वळव गं." मी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं.

"हा पाइप टायरला घासतोय बघ," ती म्हणाली, आणि दाखवताना पाइपलाच कुंकू लागलं.

सगळी मापं मी चाकं सरळ ठेवून घेतली होती. चाकं वळवूनही मापं घ्या, हेच कॉलेजात शिकवते ना मी? पाइप फाटला असता, तेल सांडून बाबांचं इंजिन जाम झालं असतं. दसऱ्याची फाफडा-जलेबी तशीच ठेवून पाइप आतल्या बाजूनं फिरवला. कुंकू पुसलं नाही.

मग आईला शेजारी बसवलं आणि अलकापुरीच्या रस्त्यावर मुद्दाम स्टिअरिंग पूर्ण फिरवून यू-टर्न घेतला. कुठेच घासलं नाही. मी घराकडे निघाले, तर आई म्हणाली, "इतक्यात घरी काय करायचंय? अजून एकदा वळव."