गोठ्यातला ओव्हन

१२ जानेवारी, सोमवार

आमच्या गोठ्यात ओव्हन आला! म्हैस विकून सहा महिने झाले, दावणीला कोण न्हाई. तिच्या जागेवर टेबल, टेबलावर ओव्हन. घरात ठेवता येत न्हाई, कारण आमचे मालक माळकरी. घरात वशाट चालत न्हाई. कोंबडी करायची तर बाहेरच्या चुलीवर, भांडी बी वेगळी. मग ओव्हनला बी तोच कायदा.

ओव्हन नातीचा. सृष्टी – आमच्या किशोरची थोरली. पुण्यात हॉटेलाचं शिकून आली. गावापलीकडच्या बंगल्यातल्या बाईंनी येत्या रविवारी बारा पाव्हण्यांचं जेवण तिला सांगितलंय. आवडलं तर दर रविवारी. किशोर तिला म्हणला, "रविवारचं नीट झालं तर कर तुझा धंदा. न्हाई झालं तर गुमान बावधनच्या स्थळाला हो म्हणायचं." पोरगी बी खमकी – "चालंल!"

मी मधी बोलले न्हाई.

हे खोटं हाय. बोलले. कुणी ऐकलं न्हाई.

१३ जानेवारी, भोगी

बंगल्यावर काय करणार, इचारलं. म्हणली, टर्कीच्या खिम्याचे गोळे आणि भाजलेल्या भाज्या, एकाच ट्रेमधी. गाजर, रताळं, फ्लॉवर, सिमला मिरची, कांदा, अळंबी. म्हणलं, अगं ही तर भोगीची भाजी, निस्तं पाणी घालायचं इसरलीस! लई हसली. मग भोगीच्याच गाजरांवर ओव्हन चालवून बघितला. भाज्यांत बोटभर अंतर ठेवती. म्हणती, दाटी केली की भाजत न्हाई, उकडतंय. खरं हाय. आमच्या मुक्कामाच्या यष्टीत मी कितीदा उकडलीया.

मालक वट्ट्यावरनं, "गोजरा, कसला वास सुटलाय?"

"भोगीचा!"

१५ जानेवारी, गुरुवार

रिहे गावात कुशाबा टर्की पाळतो, त्याच्याकडं बघायला गेलो. केवढा पक्षी! गळ्याला लाल पिशवी लोंबतीया, आन चाल अशी की जणू गावचा पोलीस पाटील. मी हसले की तो बी गुडगुड करायचा. कुशाबा म्हणला, "वहिनी, हसू नका. त्याला वाटतंय तुमी भांडताय." मग तर मला हसू आवरंना. मी हसतीया, तो भांडतोय, कुशाबा कपाळाला हात लावतोय. साक्षरता वर्गाच्या बाई म्हणायच्या, आजी, मुद्द्याचं लिहा. तर मुद्दा – पक्षी ठरला. कापून, खिमा करून रविवारी सकाळी देणार.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या अवस. कुणाच्या ध्यानातच न्हाई!

सृष्टीला म्हणलं, वशाट घराभाईर न्यायचं, ते बी दिवस मावळताना, आन अवसेचं – वर एक कोळसा ठिव. न्हाईतर वाटंतलं काय बी मागं लागतं. माझ्या सासूनं आख्खी हयात ठेवला. सृष्टी म्हणली, "आजी, लोक जेवणार हायत ते!"

बरं, म्हणलं.

१८ जानेवारी, रविवार

काय दिवस गेला! खिम्यात किसलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, दुधात भिजवलेला पाव. टर्कीचं मटण कोरडं म्हणं, पाव घातला की मऊ ऱ्हातंय. गोळे वळायला मला बशिवलं. तिनं दहा वळले तवर माझे पंचवीस. पन्नास वर्षं लाडू वळलेत, चेष्टा हाय का! आधी रताळी-गाजरं आत, मग गोळे, सगळ्यात शेवटी अळंबी. वर तेल, मीठ, मिरपूड. एक गोळा मी चाखला. दोन. बरं, चार. मालक नाकाला उपरणं लावून देवळात जाऊन बसले.

दिवस मावळायला दोन ट्रे चांदीच्या कागदात झाकले. सृष्टी गाडीची चावी आणायला घरात गेली.

चुलीपाशी कोळसा होताच. धुऊन घेतला, एवढं तरी केलं! एका ट्रेच्या कागदाखाली, कोपऱ्यात, अळंबीशेजारी सरकवला. पोहोचल्यावर बंगल्यातल्या बाई काढून टाकतील, असं धरून चालले. कोळसा काय, कुणाला बी दिसतोय.

१९ जानेवारी, सोमवार

दिसला न्हाई. एका पाव्हण्यानं अळंबी समजून चावला.

बंगल्यातल्या बाईंचा फोन आला. गोळे लई आवडले होते म्हणं, दुसऱ्यांदा वाढून घेत होते – तेवढ्यात ह्याचं तोंड काळं! बाई म्हणल्या, पुन्यांदा नको.

किशोरनं इचारलं, कोळसा आला कुटनं? सृष्टीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग बापाला म्हणली, "माझी चूक. बघून भरायला पायजे होतं."

मी चुलीपाशी जाऊन उरलेले कोळसे उकिरड्यावर टाकून आले.

२०, मंगळवार

बावधनचे परवा बघायला येणार. सृष्टीनं ओव्हन पुसून पोतं टाकून झाकला. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी, गुरुवार

आले. पोरगा प्रदीप, कंपनीत हाय, दिसाय बरा. आईच्या दोन्ही हातांत पाटल्या. पोहे झाले, चहा आला. आई इचारती, "मुलीला स्वयंपाक येतो ना?"

किशोर तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, "येतो की! पर तिच्या आजीपासनं जपा. पोरीनं बारा माणसांचं झ्याक जेवण केलं, आन मी त्यात कोळसा घातला. एकानं खाल्ला बी."

किशोरला ठसका लागला. मालकांनी डोळे मिटून घेतले. मग मी सगळंच सांगितलं – अवस, सासू, चांदीचा कागद, अळंबी. सृष्टीची चूक न्हाई, माझी हाय, हे किशोरकडं बघून दोनदा सांगितलं. प्रदीप एवढा हसला की कपातला चहा बशीत. त्याची आई मातुर न्हाई हसली. पदर सावरून उठली – "कळवतो."

कळवतो म्हंजे काय, ते समद्यांना कळतं.

किशोर म्हणला, "आये, स्थळ मोडलंस तू."

म्हणलं, "व्हय."

सृष्टी मोरीवर कपबशा धूत होती. पाठमोरी. खांदे हलत होते. जवळ जाऊन बघितलं – हसत होती!

२४ जानेवारी, शनिवार

बावधनचा फोन. किशोरनं घेतला, ऐकलं, आन माझ्या हातात दिला. प्रदीप. "आजी, आमच्या हापिसातली पोरं डब्याला कंटाळलीत. दर शुक्रवारी चार ट्रे द्याल का? कोळसा सोडून."

मी इचारलं, "आन लग्नाचं?"

"आजी, आधी जेवू तर द्या!"

किशोरनं गाडी काढली. कुटं चाललास, म्हणलं. मागं न बघताच म्हणला, "रिह्याला. कुशाबाला शुक्रवारचे पक्षी सांगाय नकोत का?"